गोणीमागे एक शेर

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा, मला हे आत्ताच सांगायचंय. नुकतंच मी आमच्या दारावरून एक कबुतर हाकललं. झाडू अजून टेबलाला टेकवलेला आहे आणि मी सरळ टाईप करायला बसलेय. उद्या लिहिलं तर शहाण्यासारखं लिहीन, आणि शहाण्यासारखं लिहिलं की ह्यातलं खरं ते निघून जाईल.

कबुतर चौकटीवर बसून भात खात होतं. म्हणजे शिजलेला नाही, लोंबीतला. आमच्या दारावर आंब्याच्या पानांसोबत भाताच्या पाच लोंब्या बांधल्यात. वाळल्यात आता, पण दाणा अजून भरलेला आहे, टोकाला तांबूस कुसळ आहे. ते तांबूस कुसळ लक्षात ठेवा. सगळा घोळ त्याच्यावरूनच कळला.

बरं, पहिल्यापासून सांगते.

आम्ही ऐरोलीला राहतो. मी एका कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये आहे, दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना 'मी तुमची अडचण समजू शकते' असं सांगते. आईचं माहेर नावड्याच्या पुढे, खाडीच्या बाजूला उतरलं की लागतं. तिथे माझा मामा असतो. तळोज्याच्या एका कंपनीची बस चालवतो, सकाळची पाळी असली की दुपारी शेतात, दुपारची असली की सकाळी शेतात. झोपतो कधी ते मामीलाच माहीत.

मामाची शेती म्हणजे खारी शेती. तुम्ही कधी पाहिली नसेल तर सांगते. एका बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध आणि बांधाच्या आत भात. उधाणाला खाडीचं पाणी चढतं आणि बांध त्याला अडवतो. बांध फुटला की खारं पाणी आत, आणि भात गेला. पुढच्या वर्षीही जमीन तोंड वाकडं करूनच बसते. बांध सगळ्यांचा असतो, एकट्याचा बांध म्हणजे काहीच नाही. म्हणून गावात फार आधीपासून पद्धत आहे, की ज्याला जेवढ्या गोण्या भात होईल त्यानं गोणीमागे एक शेर बांधासाठी द्यायचा. शेर म्हणजे देवळात एक पितळेचं माप ठेवलंय, ते. दहा गोण्या झाल्या तर दहा शेर, दोनच झाल्या तर दोन. काहीच झाला नाही तर काहीच नाही, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलायचं नाही. ते शेर एका कणगीत जातात, भात विकला जातो आणि उन्हाळ्यात बांधावर माती पडते.

मामाच्या डोक्यात काय आलं, की ह्याच पद्धतीनं बियाणं का आणू नये?

खाली कोकणात एक भात संशोधन केंद्र आहे. तिथल्या एक मॅडम खाऱ्या पाण्यात टिकेल असा भात शोधत होत्या. त्यांना खाडीकाठची जागा हवी होती, पण लावणीला, जाळीला, पाणी-माती तपासायला, यायला-जायला त्यांच्याकडे पुरेसं नव्हतं. मामाला हे कुठल्यातरी शेतकरी मेळाव्यात कळलं. तो घरी आला तो बसचा युनिफॉर्म न बदलताच देवळात गेला.

ती सभा मी पाहिलीय. मी तेव्हा कॉलेजला होते, दिवाळीसाठी गेले होते. मामा उभा राहून म्हणाला, "बांधाचा शेर हाय तसाच. वरती अजून एक शेर. बियान्याचा. तीन हंगाम द्या, जास्त नको."

मामाच्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे ते काका लगेच बोलले, "आनि तिसऱ्या हंगामाला मॅडम सांगेल, सॉरी, नाय जमला. मंग?"

"मंग काय, शेर शेर भात गेला. तू लग्नात त्याच्यापेक्षा जास्त ताटात टाकतोस."

सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ही ऐरोलीची भाची काय म्हनते? हिला विचारा, भात झाडाला लागतो का येलीला?"

मी म्हटलं, "काका, भात अ‍ॅपवरून येतो." त्यावर आणखी हसले. त्या हसण्यातच ते ठरलं. मला अजून आठवतं, मामा माझ्याकडे बघून असा काही खूश झाला जणू मीच ते मंजूर करून घेतलंय.

आणि आईचं ऐका. आईला मामा दरवर्षी एक गोणी तांदूळ पाठवतो, माहेरची गोणी. आई त्या दिवशी सभेत उठून म्हणाली, "माझ्या गोनीतला पन शेर घे दादा. मी का परकी हाय?" मामानं आधी नको नको केलं, मग घेतला. गावातले जे खारघरला, घणसोलीला फ्लॅट घेऊन गेलेत त्यांनीही दिला, कारण त्यांची शेतं अजून भाऊबंद करतात आणि गोण्या त्यांनाही येतात. म्हणजे तो बियाण्याचा शेर सगळ्यांचा होता. गावातलं एक घर सुटलं नाही.

मामानं बांधाला लागून असलेला, सगळ्यात खारट तुकडा दिला. तिथे मॅडमचा भात लागला. भोवती जाळी आणि एक पाटी, 'प्रयोग चालू आहे, हात लावू नये'. मध्ये एक चौकोन दोरीनं आखलेला. मॅडमनी सगळ्यांना समजावलं होतं, की कापणीला त्या स्वतः येणार, चौकोनातला भात स्वतः कापणार, स्वतः वजन करणार. तीन हंगाम वजन नीट आलं तर ते बियाणं पुढे वाढवायला घेणार, आणि पहिल्या पिशव्या ह्याच गावाला. एखाद्या हंगामाचं वजन आलं नाही, तर ही जागा यादीतून जाणार. त्यांच्याकडे दुसऱ्या गावांच्याही मागण्या होत्या.

पहिला हंगाम चांगला गेला. दुसरा त्याहून चांगला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरं तर तीच मुख्य आहे. मामाच्या गावाच्या आसपास भराव पडायला लागलाय. शेतात माती टाकतात, सपाट करतात आणि कंटेनर ठेवायला भाड्यानं देतात. महिन्याच्या महिन्याला भाडं, ना लावणी, ना उधाण. काकांकडेही माणसं येऊन गेली होती. काका म्हणायचे, "तुझा बियाना आला तर ठेवतो शेती. नाय आला तर मी पन मानूसच हाय." त्यात खोटं काही नव्हतं. पण काकांनी भराव टाकला तर त्यांचा बांध कोण बघणार? आणि त्यांचा बांध गेला की मामाचं शेत खाडीतच गेलं. म्हणजे मामाची शेती राहणार की नाही हे त्या दोरीच्या चौकोनातल्या वजनावर येऊन थांबलं होतं. हे मामालाही माहीत होतं, काकांनाही आणि मलाही.

आता ह्या वर्षाचं.

भादव्यातल्या उधाणाला बांध फुटला. सगळीकडे नाही, तीन ठिकाणी, पण पुरेसा. खारं पाणी आत आलं आणि कित्येक दिवस निघालंच नाही. मी रविवारी स्कूटी घेऊन गेले तेव्हा सगळी शेतं पिवळी पडली होती. पिकल्यासारखी पिवळी नाही हं, आजाऱ्यासारखी. लोंब्या बाहेर आलेल्या, पण हातात घेऊन दाबल्या की आत काहीच नाही. फुसकं. मामी एक लोंबी चिमटीत दाबून मला दाखवत होती आणि तोंडानं 'फुस्स' असा आवाज काढत होती. हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते.

आणि त्या सगळ्याच्या कडेला, बांधाला चिकटून, मॅडमचा तुकडा उभा होता. हिरवागार! आणि टोकाला सोनेरी! मी खरंच किंचाळले. त्याच तुकड्यात सगळ्यात आधी पाणी शिरलं होतं, आणि तोच उभा. मी इतके फोटो काढले की फोन गरम झाला. मॅडमना पाठवले. त्यांनी एवढंच लिहिलं, 'पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी येते. तोपर्यंत पाणी देऊ नका, हात लावू नका.' पण त्याच्यानंतर एक उद्गारचिन्ह होतं, आणि मॅडम उद्गारचिन्हवाल्या नाहीत. मामाला मी ते उद्गारचिन्ह मोठं करून दाखवलं.

"म्हंजे काय?" मामा म्हणाला.

"म्हणजे त्या खूश आहेत."

मामानं फोन हातात घेतला आणि त्या उद्गारचिन्हाकडे इतका वेळ बघत बसला की स्क्रीन बंद झाली.

पौर्णिमा म्हणजे नवान्न पौर्णिमा. आमच्याकडे त्या दिवशी 'नवं' बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुर्डूचं फूल, सगळं एकत्र गुंफून दाराला. देवाला, दाराला, तिजोरीला, गाडीला, हल्ली तर लॅपटॉपलासुद्धा. आणि त्याचा एक नियम आहे. नवं विकत आणायचं नाही, कोणाकडून मागून आणायचं नाही. नवं आपल्या शेतातलंच लागतं. दुसऱ्याच्या शेतातलं नवं दाराला बांधलं तर आपल्या घरातलं धान्य त्याच्याकडे जातं म्हणतात. आणि एकदा बांधलं की पुढच्या वर्षीचं नवं येईपर्यंत ते काढायचं नाही. ते दारावरच वाळतं.

त्या सकाळी मला सुट्टी नव्हती. घरून काम होतं, मी आतल्या खोलीत, कानाला हेडफोन. ब्रेकमध्ये फोन उघडला तर सगळ्यांचे स्टेटस. मावसबहिणीचं दार, नवं बांधलेलं. हार्ट. खारघरच्या वहिनीचं दार. हार्ट. घणसोलीच्या दादाची रिक्षा, आरशाला नवं. हार्ट. किती सुंदर लोंब्या, यार! भरलेल्या, वाकलेल्या. मी हार्ट हार्ट करत पुढे पुढे जात होते आणि मग माझं बोट थांबलं.

ह्या वर्षी कोणाच्या शेतात लोंब्या भरल्यात?

मी एक फोटो मोठा केला. टोकाला तांबूस कुसळ. मग दुसरा. तांबूस. तिसरा, रिक्षाचा. तांबूस. आमच्या गावच्या भाताला कुसळच नसतं.

मी हेडफोन काढून दाराशी धावले. दार उघडलं. चौकटीशी आई स्टुलावर उभी राहून तोंडात दोरा धरून गाठ मारत होती. पाच लोंब्या. तांबूस.

"आई, हे कुठून आणलं?"

तोंडातला दोरा न काढता ती म्हणाली, "दादाच्या शेतातून. सकाळी पहिल्या बसनं गेलेली ना मी. बघ कसा भरलाय!"

"कुठल्या शेतातून, आई?"

"आपल्याच," ती म्हणाली. मग तिनं दोरा काढला आणि माझ्याकडे बघून जरा चिडून म्हणाली, "माझ्या गोनीतला शेर हाय त्यात."

मला तेव्हा रागही आला नाही. कारण ती बरोबर होती. नियम काय, तर आपल्या शेतातलं. आणि ह्या वर्षी अख्ख्या गावाचं आपलं शेत एकच उरलं होतं, ज्यात प्रत्येकाचा शेर होता.

मी मामीला फोन लावला. मामा सकाळच्या पाळीला होता, मामी रडत होती. तिच्याकडून जे कळलं ते असं. सकाळी पहिल्यांदा देवळाचे पुजारी आले. देवीला नवं पाहिजे, गावात कुठे भरलेली लोंबी नाही, मग इथलं. पाच लोंब्या घेतल्या, फक्त कडेच्या. मामीला वाटलं, देवीला नाही कसं म्हणायचं? पुजारी देवळात पोचले तोवर त्यांच्या हातातलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मग काका आले. मग काकी. मग पूर्ण आळी.

"मी बांधावर आडवी उभी राह्यले गो बाय," मामी म्हणाली. "बोलली, पाटी वाचा, हात लावू नका लिवलंय. तर काकी बोलतात, ते भायेरच्या मानसांसाठी हाय, आमचा शेर हाय आत."

"आणि मग?"

"मंग काय. देवीला दिला नि मानसाला नाय, असा कसा बोलू?"

सगळ्यांनी चपला बांधावर काढल्या होत्या. जाळी फाडली नाही, उचलून धरली, एकानं धरायची नि दुसऱ्यानं आत जायचं. लोंब्या विळ्यानं हळूच कापल्या, रोप उपटलं नाही. जाताना जाळी पुन्हा नीट खाली सोडली, कोपऱ्यावर दगडसुद्धा ठेवले. का, तर चिमण्या खाऊ नयेत. प्रत्येकानं फक्त पाच पाच घेतल्या. कोणी सहावी घेतली नाही. आणि नवं बांधायला सगळ्यात भरलेली लोंबी घ्यायची असते, म्हणून प्रत्येकजण मध्ये, दोरीच्या चौकोनात गेला. तिथल्या सगळ्यात चांगल्या होत्या.

तुम्ही सांगा, ह्याला चोरी म्हणायचं का? मी अजून शब्द शोधतेय.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. मी सुट्टी टाकून गेले, माझा काही उपयोग नव्हता, पण मामा एकटा नको म्हणून. मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा हसत होत्या, हातात वजनकाटा होता. बांधावर आल्या. जाळी उचलली आणि आत बघून तशाच वाकून राहिल्या. चौकोनात सगळी रोपं होती, नुसती उभी, वर डोकं नसलेली. कडेला थोड्या लोंब्या उरलेल्या, लहान लहान.

"दादा, हे जनावर नाही," त्या म्हणाल्या. "हे विळ्यानं कापलंय."

मामानं सगळं सांगितलं. डोकं खाली घालून नाही, सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बांधावर बसल्या आणि वजनकाटा शेजारी मातीवर ठेवला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, आम्ही परत गोळा करू ना! सगळं दारावरच आहे. गेलेलं नाहीये. मी स्कूटीवर सगळ्या घरी जाते, खारघर, घणसोली, सगळीकडे. सगळ्या लोंब्या एकत्र करून वजन करू. मी आज संध्याकाळपर्यंत आणते!"

मॅडमनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला आणखीच वाईट वाटलं. "अगं, त्यातल्या चौकोनातल्या कुठल्या आणि कडेच्या कुठल्या, ते तू मला कसं सांगशील? मी कापलेलंच मला मोजता येतं. दारावरचं मी कसं लिहू?"

"मग लिहा ना, की इतका चांगला होता की लोकांनी नेला."

"मला 'कापणीपूर्वी नुकसान' लिहावं लागेल."

तेव्हा मामा पहिल्यांदा मध्ये बोलला. "नुकसान नाय हो मॅडम. नवं हाय ते."

"मला माहितीय दादा," त्या म्हणाल्या. "पण अहवालात 'नवं' असा रकाना नाही."

त्यांनी उरलेल्या कडेच्या लोंब्या कापल्या, वेगळ्या पिशवीत भरल्या, तुटलेल्या दांड्यांचे फोटो काढले. जाताना मामीनं त्यांना खीर दिली, नव्या तांदळाची नाही, जुन्याच. त्यांनी ती खाल्ली. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाल्या, "चांगला होता गं. फार चांगला होता." आणि गेल्या.

मी तरी गप्प बसले का? नाही. मी त्याच दिवशी काकांच्या घरी गेले. का गेले तेही नीट माहीत नाही, मोजता येत नाही हे कळलं होतं तरी. निदान बियाणं म्हणून तरी दाणे परत मिळतील, मामा ते वेगळे पेरेल, असं काहीतरी. काकांच्या दारावर नवं होतं, झेंडूच्या फुलांसकट, सगळ्यात सुंदर बांधलेलं.

"काका, ते काढून द्याल का? मामाला बी म्हणून?"

काकांनी वर दाराकडे पाहिलं. त्यांना तोवर कळलं होतं काय झालंय ते. सगळ्यांनाच कळलं होतं. गावात दोन दिवस कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ते म्हणाले, "पोरी, माझा शेत घे. माझी बैठकीतली खुर्ची घे. नवं नको मागूस. ते काढला तर पुढच्या वरसाला शेतात काय येनार?"

मी म्हणणार होते, काका, पुढच्या वर्षी तुमच्या शेतात कंटेनर येणार. पण म्हटलं नाही. मागून काकी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आमी फक्त पाच घेतल्या गो. पाचांनी काय व्हतंय वाटलं."

प्रत्येक घरी हेच उत्तर मिळालं असतं. मी दुसऱ्या घरी गेलेच नाही.

परत येताना मामाच्या दारासमोर स्कूटी लावली आणि तेव्हा मला दिसलं. मामाच्या चौकटीवर नुसती आंब्याची पानं होती. कुर्डूचं फूल होतं. लोंबी नव्हती. त्याच्या शेतात उगवलेला भात अख्ख्या नवी मुंबईत दारोदार लटकत होता आणि त्याच्या दारावर एक दाणा नव्हता. त्यानंच मामीला सांगून ठेवलं होतं, पौर्णिमा असली तरी त्या तुकड्याला हात लावायचा नाही. मामी आतून म्हणाली, "बोलली मी ह्यांना, कडेची एक तरी आना. तर बोलतात, मॅडमला शब्द दिलाय."

भाऊबीजेला मामा आमच्याकडे आला. दरवर्षी येतो. मी आदल्या दिवशी आईला म्हटलं, आई, प्लीज, एका दिवसासाठी ते काढून ठेवू, मामाला ते दिसायला नको. दुपारी पाहिलं तर आईनं त्या लोंब्यांवर झेंडूचं मोठं तोरण सोडलं होतं, दिसू नयेत म्हणून. लिफ्टचं दार उघडलं आणि मामा आला, हातात फराळाचा डबा. दारात थांबला. चप्पल काढता काढता वर पाहिलं. तोरण बाजूला सारलं.

आई आरतीचं ताट घेऊन आत उभी होती.

मामानं एक लोंबी दोन बोटांत धरली, तोडली नाही हं, नुसती धरली. नखानं एक दाणा दाबून पाहिला. मग दुसरा. मग लोंबी वरपासून खालपर्यंत बोटांतून सरकवत नेली, जसा आपण लहान मुलाचा हात धरतो तसा.

"एक पन फुसका नाय," तो म्हणाला.

"दादा," आई म्हणाली, "काडू का रे?"

"नको. नवं काडत नाय."

मग तो आत आला, पाटावर बसला आणि आईनं त्याला ओवाळलं. जेवताना तो माझ्याशी ऑफिसबद्दल बोलला. श्रीखंड दोनदा घेतलं. मी सारखी वाट बघत होते, की तो ओरडेल, रडेल, आईला काहीतरी बोलेल. ओरडला असता तर मला मधे पडता आलं असतं. मी हातात श्रीखंडाची वाटी घेऊन बसून राहिले.

गेल्या रविवारी देवळात कणगी भरायचा दिवस होता. मी आणि आई गेलो. पितळेचा शेर धुऊन ठेवलेला होता. माणसं आली, सगळी आली, पण हात रिकामे. कोणाला एक गोणी झालेली, कोणाला अर्धी, बहुतेकांना काहीच नाही. मी आधी सांगितलं ना, काहीच झाला नाही तर काहीच नाही, आणि कोणी कोणाला बोलायचं नाही. तसं कोणी बोललं नाही. दोघा-तिघांनी बांधाचा शेर टाकला. आवाज आला, कणगीच्या तळाला पडल्याचा.

बियाण्याच्या शेराचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी काकाच म्हणाले, "तीन हंगाम झाले. कबूल केला व्हता तेवढा आमी दिला."

"दिला," मामा म्हणाला. "सगळ्यांनी दिला."

"मॅडमचा फोन?"

"दुसऱ्या गावाला जातेय ती. आपली जागा गेली."

काका जमिनीकडे बघत होते. "परवा ती मानसं येनार हायत. भरावाची."

मामानं मान हलवली. मग त्यानं तो पितळेचा शेर उचलला, सदऱ्याच्या टोकानं आतून पुसला आणि देवीच्या पायाशी उपडा ठेवला. कोणी त्याला थांबवलं नाही. थांबवून काय म्हणणार होते? ज्यांनी त्याचं नुकसान केलं त्यांनीच त्याला तीन वर्षं शेर दिला होता. माझी आई त्यांच्यातच बसली होती.

बाहेर आल्यावर मी मामाला विचारलं, "आता पुढच्या वर्षी काय पेरणार?"

"जुनाच," तो म्हणाला. "जवर काकाचा बांध हाय तवर."

मी मॅडमना मेसेज केला होता, की आमच्या दारावरच्या पाच लोंब्यांचं काही होईल का. काल रात्री त्यांचं उत्तर आलं, 'जपून ठेव. पण माझ्या कामाला येणार नाहीत.' ह्या वेळी उद्गारचिन्ह नव्हतं.

आणि आज सकाळी कबुतर. मी झाडू घेऊन धावले, ते उडालं, सोसायटीच्या पॅसेजमधून भुर्रकन खाली गेलं. पायपुसण्यावर चार-पाच दाणे पडलेत. ते मी उचलून एका वाटीत ठेवलेत, टेबलावर, आत्ता माझ्यासमोर आहेत. वरच्या लोंब्या मला काढता येत नाहीत, आई काढू देणार नाही, आणि खरं सांगू, मलाही हात लावायची हिंमत होत नाही. आणि तिथे ठेवल्या तर कबुतर पुन्हा येणार. मी काय करू? जाळी लावू? गावानं परत लावली होती तशी, कोपऱ्यावर दगड ठेवून?

तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? म्हणजे तुमच्याच माणसांनी, अगदी प्रेमानं, चपला बाहेर काढून, नीट सांभाळून, प्रत्येकानं थोडं थोडं करून तुमचं सगळं नेलंय, आणि तुम्हाला कोणाला काही बोलताच आलेलं नाही? झालं असेल तर मला सांगा ना, तुम्ही काय केलंत?